बेबी धैर्यवान आणि चाळीस नंबरचं तेल

गिरगावात थंडी पडत नाही. फार तर डिसेंबरात पहाटे पंखा बंद करावा लागतो, एवढंच. पण धैर्यवानांच्या घरी मात्र रीतसर हिवाळा यायचा, आणि तो यायचा गाडीसाठी.

त्याचं असं झालं, बेबीच्या पपांनी लढाईच्या आधी एक मॉरिस घेतली होती. करडी, चार माणसांची, पुढून हँडल मारून सुरू होणारी. गाडीबरोबर विलायतेहून एक छापील पुस्तक आलं, आणि पपांचा त्या पुस्तकावर असा विश्वास बसला की देवघरातल्या पोथ्यांनी हेवा करावा. पुस्तकात म्हटलं होतं, उन्हाळ्यात इंजिनात तीस नंबरचं तेल घाला, हिवाळ्यात वीस नंबरचं. नंबर जितका लहान, तितकं तेल पातळ. झालं! दरवर्षी डिसेंबर लागला की पपा गळ्याला मफलर गुंडाळून अंगणात उभे, आणि ड्रायव्हर रामजी गाडीखाली आडवा. तिसाचं तेल काढून विसाचं भरायचं. शेजारच्या खोताच्या वाडीतली माणसं नुसत्या गंजीफ्रॉकवर कठड्याला टेकून हा सोहळा बघत. विलायतेत बर्फ पडतं, तिथे तेल थिजतं, म्हणून त्यांना ते पातळ लागतं. गिरगावात त्याचं काय काम, हे पपांना विचारायची कोणाची छाती नव्हती.

गाडी नवी होती तोवर हे लाड खपून गेले. पुढे पपा गेले, गाडी म्हातारी झाली, आणि हिवाळा मात्र बेबीने चालू ठेवला. तेवढंच एक काम तिने पपांच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं होतं. ते सोडवत नव्हतं तिला.

बेबी हे लहान मुलीचं नाव झालं, पण धैर्यवानांसारख्या प्रभूंच्या घरात एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही. ही बेबी पन्नाशीला टेकलेली होती. उंच, सावळी, चालताना जोरात पावलं टाकणारी. लग्न केलं नाही. आपल्या घरातल्या मुली नर्स होत नाहीत, असं आत्यांनी कपाळाला हात लावून सांगितलं तेव्हा ती नर्स झाली, आणि बायका गाडी चालवत नाहीत असं म्हटलं तेव्हा गाडी शिकली. शिकवली रामजीनेच, सकाळी चौपाटीच्या रिकाम्या रस्त्यावर. घरातले सगळे रामजीला अरे-तुरे करत. बेबी मात्र स्टिअरिंगवर बसली त्या दिवसापासून त्यांना अहो-जाहो करू लागली. "मास्तरांना कोणी अरे म्हणतं का?" असं म्हणाली, आणि आत्यांनी पुन्हा कपाळाला हात लावला.

गिरगावातल्या एका प्रसूतिगृहात तिची नोकरी होती. ड्यूटी संपली की ती मॉरिस काढून लालबाग-परळच्या चाळींत जायची. तिथे बायका घरीच बाळंत होत. सगळं सुरळीत असलं तर ठीक, पण मूल अडलं, बाईचा रंग बदलला, की बेबी तिला गाडीत घालून इस्पितळात न्यायची. चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरून बाईला खाली आणायला चार माणसं मिळत. खाली आणल्यावर वाहन मिळत नसे. म्हणून तिकडे तिला सगळे गाडीवाल्या नर्सबाई म्हणत. तिला ते नाव बेबीपेक्षा आवडायचं, पण हे ती कोणाला सांगणार!

सत्तावन्न सालच्या निवडणुकीचे दिवस होते. संयुक्त महाराष्ट्राच्या नावाने सारं गिरणगाव पेटून उठलेलं. रोज सभा, रोज मिरवणुका. फेब्रुवारी संपत आला होता, डांबर मऊ व्हायला लागलं होतं, आणि मॉरिसच्या पोटात पुस्तकाप्रमाणे अजून हिवाळाच होता.

त्या दुपारी लालबागची नलू नावाची मुलगी मागच्या सीटवर होती. पहिलटकरीण, मूल अडलेलं. शेजारी तिची सासू. गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि समोरून मिरवणूक आली. मागे फिरायला वाव नाही. बेबीने पहिल्या गिअरमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने पुढे रेटायला सुरुवात केली. वरून ऊन, खाली इंजिनाची धग. समोरच्या पट्टीवर तेलाच्या दाबाचा एक काटा असतो. तो खाली यायला लागला. बेबी बघत होती, आणि काटा आपला खालीच. मग इंजिनातून टकटक ऐकू आली. आधी हलकी, मग कोणी आतून दार ठोठावल्यासारखी. काटा शून्याला टेकला तशी बेबीने इंजिन बंद केलं. दुसरं काहीच करण्यासारखं नव्हतं.

"नर्सबाई, काय झालं वो?" सासू घाबरून म्हणाली.

"काही नाही. तुम्ही तिचा हात धरा." बेबीने दार उघडलं आणि रस्त्यात उभी राहून मिरवणुकीवरच ओरडली, "अरे बाबांनो, घोषणा नंतर द्या! आत बाई अडलीय!"

पुढे जे झालं ते लालबागेत कित्येक वर्षं सांगत. झेंडे बाजूला झाले, दहा-बारा गिरणी कामगारांनी मागून हात लावले आणि ते मॉरिस ढकलत निघाले. ढकलायला ताल लागतो, आणि त्या दिवसांत त्या माणसांच्या तोंडात एकच ताल होता. "झालाच पाहिजे!" पुढचे ओरडले. "झालाच पाहिजे!" मागच्यांनी री ओढली. आत नलू कळा देत होती, सासू रडता रडता हसत होती, आणि बेबी स्टिअरिंग धरून मनात म्हणत होती, होऊ दे गं बाई, पण इस्पितळात होऊ दे. इस्पितळाच्या दारात गाडी थांबली. तासाभराने नलूला मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप.

लोक हसले. बेबी हसली नाही. ती बाहेर बाकावर जाऊन बसली. रस्त्यात माणसं नसती तर?

असंच काहीसं अच्युतनेही विचारलं. अच्युत म्हणजे तिचा थोरला भाऊ. फोर्टातल्या एका कंपनीत हेडक्लार्क, स्वभावाने भित्रा पण मनाने वाईट नव्हे. गाडी दोरीने बांधून अंगणात आणली तेव्हा तो पायरीवर उभा होता.

"बेबी, ती मुलगी गाडीत गेली असती तर? लोकांनी तुला सोडलं असतं?"

"गेली नाही ना?"

"ह्या वेळी नाही गेली. पुरे झालं आता. आमच्या ऑफिसातल्या चिंतामणीच्या ओळखीचा एक माणूस आहे, जुन्या गाड्या घेतो. दुरुस्त करू आणि देऊन टाकू."

गाडीचे कागद अच्युतच्या नावावर होते. पपांनी शेवटच्या आजारपणात सगळं मुलाच्या नावावर केलं, त्यात गाडीही गेली. मुलगी गाडी चालवते हे त्यांना माहीत होतं, पण मुलीच्या नावावर गाडी असते हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. बेबी त्या रात्री जेवली नाही. गाडी गेली की आपण उरलो नुसत्या बेबी, सकाळची ड्यूटी करणाऱ्या, संध्याकाळी गॅलरीत बसणाऱ्या. लालबागेच्या बायकांनी मग कोणाकडे बघायचं? तिला पपांचा राग आला, अच्युतचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या पातळ तेलाचा आला. कारण एवढं तिला कळलं होतं की काटा पडला तो तेलामुळे.

ती दुसऱ्या दिवशी परळला रामजीकडे गेली. रामजी आता कॉटन ग्रीनला कापसाच्या गठ्ठ्यांची लॉरी चालवत. इतक्या वर्षांत ती त्यांच्या घरी कधी गेली नव्हती. हे तिला जिना चढताना जाणवलं आणि तिची तिलाच लाज वाटली. खोलीत भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांचा हार घातलेला फोटो. रामजींच्या बायकोने, बकुळाबाईंनी, कपबशी पुढे केली आणि क्षणभर हात तिथेच ठेवला, ही बाई घेते की नाही बघत. बेबीने चहा घेतला, बशीत ओतून फुर्रकन प्यायली आणि म्हणाली, "अजून थोडा आहे का?" बकुळाबाई हसल्या. दाराशी रामजींची सून चंपा उभी होती, दिवस भरत आलेली. बेबीने सवयीने तिच्या पोटाकडे नजर टाकली.

"ताई, अजून विसाचं भरता?" रामजी कपाळावर हात मारून म्हणाले. "अवो, साहेब होते तवा गाडी नवी होती. आता बेरिंगं झिजली. फटी वाढल्या. पातळ तेल त्यातनं पाण्यागत पळतं, वर इंजिन तापलं की आणखी पातळ होतं. मग काटा उभा राहील कसा?"

"मग कुठलं घालू?"

"पन्नास! आमी लॉरीत डोळे झाकून पन्नास ओततो."

चिंतामणीनेही अच्युतला तेच सांगितलं होतं, फक्त कारण वेगळं. "पन्नास भरा. खडखड ऐकूच येत नाही. घेणारा खूश." दोन टोकांची दोन माणसं एकच नंबर सांगतात म्हटल्यावर कोण शंका घेईल? रामजींनी रविवारी येऊन इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उघडलं, बेरिंग बदललं आणि पन्नासाचं तेल ओतलं. मधासारखं संथ उतरत होतं ते. गाडी सुरू केली. टकटक नाही, काही नाही. काटा वर जाऊन असा उभा की खाली यायचं नावच काढेना.

"म्हातारी गप्प बसली," अच्युत खुशीत म्हणाला. बेबीही खुशीत. दोघांच्या खुशीचं कारण निराळं होतं, एवढंच.

दोन-चार दिवसांत ही खुशी उतरली. सकाळी लालबागेहून बोलावणं आलं. बेबी धावत अंगणात आली, हँडल घातलं, आणि हँडल हलेना! चिखलात रुतलेलं चाक फिरवावं तसं झालं. शेजारच्या माणसाला हाक मारली, दोघांनी मिळून फिरवलं, तेव्हा कुठे इंजिन लागलं. आणि लागलं ते खडखड करत, तेल वर पोचेपर्यंत. ती पोचली तेव्हा बाई बाळंत झालेली होती. शेजारणीने निभावून नेलं होतं म्हणून बरं. कोणी दोष दिला नाही, पण बाळंतिणीच्या आईने "आलात व्हय?" असं म्हटलं, ते बेबीला लागलं.

संध्याकाळी तिने रामजींना गाठलं. "मास्तर, तुमचं पन्नास तुमच्या लॉरीलाच ठेवा!"

रामजींनी सगळं ऐकून घेतलं. मग मान हलवत म्हणाले, "चुकलंच माझं. लॉरी सकाळी एकदा उठते ती रातच्याला झोपते. एकदा तापली की दिवसभर तापलेलीच. तुमची गाडी दिवसात धा वेळा झोपते नि धा वेळा उठते. आन् उठली की लगीच पळायचं."

"आणि पळून झालं की मिरवणुकीत रांगायचं," बेबी म्हणाली.

तिथे तिचं डोकं चाललं. बेबी नर्स होती. पेशंटचं वय विचारून ती कधी औषध देत नसे. नाडी बघायची, ताप बघायचा, उठून बसता येतं का बघायचं. गाडीचंही तसंच की! ह्या म्हातारीच्या दोन परीक्षा. सकाळी गार असताना हँडलला पटकन उठते का, आणि भर दुपारी रांगताना काटा टिकतो का. वीस पहिलीत पास, दुसरीत नापास. पन्नासाचं नेमकं उलटं. मग तीस घालून बघितलं. उठली छान, पण दुपारी भायखळ्याच्या पुलावर गर्दीत काटा पुन्हा खचायला लागला. म्हणून चाळीस, आणि त्यावर ती सकाळी पटकन उठलीही.

"चाळीसची रांगायची परीक्षा कुठे घ्यायची?" रामजी म्हणाले.

ती जागा आपोआप मिळाली. निवडणुकीचा निकाल लागला, संयुक्त महाराष्ट्र समितीचे उमेदवार धडाधड निवडून आले आणि गिरगावातून विजयाची मिरवणूक निघाली. बेबी मॉरिस घेऊन तिच्या मागोमाग लागली, रामजी शेजारी. ठाकूरद्वारपासून पार लालबागपर्यंत, बैलगाडीच्या चालीने, टळटळीत उन्हात. लोकांना वाटलं, काय ह्या बाईची निष्ठा! बॉनेटवर हार पडले, काचेवर गुलाल पडला, कोणी पेढा भरवला. बेबी पेढा खात होती आणि डोळे काट्यावर. काटा थोडा उतरला, मध्यावर येऊन थांबला, आणि थांबला तो थांबलाच. टकटक होती, पण हलकी, म्हाताऱ्या माणसाने खाकरावं तेवढीच.

"मास्तर!" बेबी ओरडली. "उभा आहे!"

"जय महाराष्ट्र!" बाहेरून कोणीतरी उत्तर दिलं. तिला आनंद दोन्हीचा झाला. खोटं कशाला बोला.

पण अच्युतला ह्यातलं काही पटवता आलं नाही. बॉनेटवरचा गुलाल बघून त्याला कंपनीतल्या साहेबाची धास्ती वाटली, ती वेगळीच. "मी चिंतामणीला शब्द दिलाय," एवढंच तो म्हणाला. गाडीची किल्ली त्याने आपल्या खिशात ठेवली.

रविवारी सकाळी घेणारा माणूस आला. दिवाणखान्यात तो, चिंतामणी आणि अच्युत सरबत पीत बसले. बेबी आत स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. तेवढ्यात रामजींचा मुलगा भिवा धापा टाकत दारात आला.

"ताई, चंपाला पहाटेपास्नं कळा येतायत. सुईण म्हणते, पाय आधी दिसतायत. बाबांनी धाडलं मला."

बेबी दिवाणखान्यात आली. तिने कोणाशी वाद घातला नाही. अच्युतपुढे नुसता हात पसरला. अच्युतने त्या हाताकडे बघितलं, दारातल्या भिवाकडे बघितलं. भिवाचा चेहरा रडवेला झाला होता, अंगातला सदरा घामाने पाठीला चिकटला होता. घेणारा माणूस सरबताचा पेला खाली ठेवून म्हणाला, "आधी आमचं बोलणं उरकून घेऊ या, नाही का?"

अच्युत उठला. किल्ली बेबीच्या हातात दिली आणि तिच्या मागोमाग अंगणात उतरला. बेबी स्टिअरिंगवर बसली, भिवा शेजारी. अच्युतने हँडल उचललं. जन्मात त्याने हँडलला हात लावला नव्हता, ते ड्रायव्हरचं काम.

"दादा, अंगठा बोटांच्या बाजूला ठेव! उलटं फिरलं तर मोडेल!"

त्याने अंगठा फिरवून घेतला, दात-ओठ खाऊन झटका दिला. काही नाही. दुसरा झटका दिला आणि मॉरिस उठली. पंख्याच्या वाऱ्याने अच्युतचे केस उडाले, आणि तो असा चकित होऊन उभा राहिला की बेबीला त्याला बाजूला हो म्हणून हॉर्न द्यावा लागला.

परळला चंपाला खाली आणलं, गाडीत घातलं. रविवारचा बाजार भरलेला, रस्त्यात हातगाड्या, कुठल्याशा सभेला निघालेली माणसं. पुन्हा तेच रांगणं. चंपा भिवाच्या दंडात नखं रुतवून बसली होती. बेबी डाव्या डोळ्याने रस्ता बघत होती आणि उजव्याने काटा. आत्ता पडलास तर बघ हं, असं ती काट्याला चक्क मोठ्याने म्हणाली. काटा पडला नाही. इस्पितळाच्या फाटकातून गाडी आपल्या पायाने आत गेली.

मुलगी झाली, पायाळू. रामजी मागाहून येऊन बाहेर उभे होते. बेबीने येऊन सांगितलं. त्यांनी हात जोडले. बेबीने ते हात धरून खाली केले आणि म्हणाली, "मास्तर, मला लाजवू नका."

परत येताना मात्र तिचं मन जड झालं. गाडी किती छान चालत होती! आणि ही शेवटची फेरी. चौपाटीच्या वळणावर तिने वेग कमी केला, उगीचच. घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. अंगणात अच्युत एकटाच खुर्ची टाकून बसला होता. सदऱ्याच्या बाहीला काळं तेल लागलेलं, आणि ते त्याने अजून धुतलं नव्हतं.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी. पायाळू."

"बरी आहे?"

"ठणठणीत. तो माणूस कुठाय?"

"गेला. चिंतामणीही गेला. तो रागावलाय, उद्या ऑफिसात तोंड फिरवील."

"का? तू शब्द दिला होतास ना?"

"दिला होता," अच्युत म्हणाला. तो गाडीकडे बघत होता, बहिणीकडे नव्हे. "पण तू गेलीस आणि तो मला विचारतो, गाडी कोणाची? आणि माझ्या तोंडून माझी असं येईना गं. कागद आहेत माझ्या नावावर, म्हणून काय झालं? मी आज पहिल्यांदा तिला हात लावला. ज्याची गाडी नाही त्याने विकायची कशी?"

बेबी फूटबोर्डवर बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. चांगली हुंदके देऊन रडली. पपा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. अच्युत खुर्चीत चुळबुळत राहिला. ह्या बाईला कसं गप्प करायचं हे त्याला लहानपणापासून कधीच जमलं नव्हतं.

"उद्या अर्धी रजा काढतो," तो शेवटी म्हणाला. "आपण जाऊन तुझ्या नावावर करून घेऊ. आणि रडू नकोस. रस्त्यात काटा कुठे होता ते सांग मला."